घरातल्या सगळ्या पिढ्यांची गाणी एका यादीत कशी बसवायची (माझी पहिली यादी आपटली त्यावरून)

आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, 2024 च्या डिसेंबरात. घरचेच चाळीसेक लोक. जेवणानंतर दोन तास गाणी लावायची, प्रत्येक पिढीची, असं ठरलं आणि मोबाईलमधलं मला जरा कळतं म्हणून ते काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मी काय केलं, तर एका रात्रीत बसून '1950 ची गाणी', '1960 ची गाणी', '70 ची' असं शोधून शोधून साठ गाणी भरली आणि झोपलो. सकाळी ट्रायल म्हणून हॉलमध्ये लावली तर दहा मिनिटांत आत्या उठून भाजी निवडायला गेली, बाबा पेपर वाचत बसले आणि आजी म्हणाली "छान आहेत रे, जरा बारीक कर". झालं. कार्यक्रमाला तीन आठवडे होते म्हणून वाचलो, सगळं पुसलं आणि नव्याने केलं. ते नव्याने कसं केलं ते लिहितोय, कारण पंचाहत्तरी, साठी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असले प्रसंग घरोघरी असतात आणि सगळे माझ्यासारखीच चूक करतात.

चूक काय होती तर मी गाण्यांची सालं बघत होतो. गाणं कधी आलं याला फारसा अर्थ नसतो, माणसाने ते कशावर ऐकलं आणि कुठे उभं राहून ऐकलं हे विचारायचं असतं. आमच्या घरात रेडिओची पिढी आहे, लाऊडस्पीकरची आहे, टेपची आहे, टीव्हीची आहे आणि मोबाईलची आहे. यंत्र बदललं की पिढी बदलते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं जातं.

तरी पहिली पायरी आकडेमोडीचीच आहे. वही घ्या, प्रत्येकाचं जन्मसाल लिहा आणि त्यात 12 आणि 22 मिळवा. त्या दहा वर्षांत कानावर पडलेलं माणसाला शेवटपर्यंत चिकटतं, पुढेमागे ऐकलेलं त्या मानाने कमी. आजी 1943 ची, म्हणजे 1955 ते 65. बाबा 1963 चे, म्हणजे 1975 ते 85. आत्या 66 ची. माझी ताई 85 ची, मी 88 चा, आणि ताईचा मुलगा 2010 चा, त्याची दहा वर्षं आत्ता कुठे सुरू झालीत. हे नुसतं शोध कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून, यादी यातून होत नाही, ती माणसांकडून येते.

आता विचारायचं कसं. "तुमचं आवडतं गाणं कोणतं?" असं अजिबात विचारू नका. त्याचं उत्तर कायम "लताबाईंची सगळीच छान" असं येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारा: घरात पहिला रेडिओ कधी आला आणि कुठे ठेवला होता? तुमच्या लग्नात बँडवाल्याने काय वाजवलं? गणपतीच्या मांडवात दिवसभर कोणती रेकॉर्ड लागायची? शाळेच्या गॅदरिंगला कशावर नाचलात? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न, घरात कोणतं गाणं म्हटलं की ओरडा बसायचा? या शेवटच्या प्रश्नाला बाबा असे काही लाजले की आई पोळ्या टाकून बघायला आली. दादा कोंडक्यांची गाणी निघाली. आजोबांच्या पुढ्यात गुणगुणायची सोय नव्हती, पण गावच्या जत्रेत टूरिंग टॉकीजच्या तंबूवरच्या भोंग्यातून तीच गाणी अख्ख्या शिवाराला ऐकू जायची, त्याला आजोबा काय करणार.

विचारताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण सांगून. आणि घाई करू नका. एका माणसाला एक संध्याकाळ द्या, पाच जणांना एकत्र बसवलंत तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूसच बोलतो आणि आमच्याकडे तो माणूस म्हणजे आत्या.

आजीचं सांगतो, कारण तिथे मला खरा धडा मिळाला. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 ला रामनवमीला सुरू झालं, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभर दर आठवड्याला नवीन गाणं, एकूण 56. आजी तेव्हा बारा वर्षांची. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात रेडिओ एकाच वाड्यात होता आणि त्या दिवशी त्याला हार घालून पुढे उदबत्ती लावायचे. आजीला आधी पाणी भरून मग पळायला मिळायचं, त्यामुळे ती पोचेपर्यंत गाणं निम्मं झालेलं असायचं. तर आजही तिला बऱ्याच गाण्यांची नंतरची कडवी तोंडपाठ आणि ध्रुवपद कच्चं. मी हौसेने बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग लावलं तर म्हणते कशी, "हे चांगलंय, पण आमच्याकडे बाई म्हणायची." मला वाटलं वयामुळे गोंधळतीये. नाही! रेडिओवर झालं तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते, माणिक वर्मा होत्या, ललिता फडके होत्या, वसंतराव देशपांडे होते. आपल्याला जे सहज सापडतं ते बाबूजींनी पुढे एकट्याने गायलेलं. म्हणजे आजी बरोबर होती आणि मी शहाणपणा करत होतो.

म्हणून, गाणं सापडलं की लगेच यादीत टाकू नका, आधी त्या माणसाला ऐकवा आणि "हेच का?" विचारा. जुन्या गाण्यांची कव्हरं, रिमिक्स, स्टेजवरची रेकॉर्डिंगं इतकी झालीत की पहिल्यांदा समोर येतं ते मूळ असेलच असं नाही. नुसता आवाजच नाही, वेगही बघा, जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेली काही गाणी पट्टी चढलेली असतात. कोणाला अर्धी ओळच आठवत असेल तर 'आठवणीतली गाणी' या साईटवर जा, तिथे शब्द, गीतकार, संगीतकार, गायक सगळं मिळतं, मी तर ती साईट उघडली की माझा तासभर जातो. ओळही आठवत नसेल तर गुणगुणायला लावा आणि ते गुणगुणणं घरातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाठवा. फोनमधल्या गाणं ओळखणाऱ्या सोयीपेक्षा आमच्या मावशीने जास्त गाणी ओळखली.

मराठीच पाहिजे असा हट्ट धरू नका. आमचे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ, 46 चे. त्यांच्याकडून एकही मराठी गाणं निघालं नाही, बुधवारची रात्र, बिनाका गीतमाला आणि अमीन सायानी एवढंच. ही गंमत पोरांना सांगण्यासारखी आहे, आकाशवाणीने तेव्हा सिनेमातली गाणी जवळपास बंद केली होती म्हणून लोक लंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले, 1952 पासून तिथे गीतमाला, आणि मग 1957 च्या ऑक्टोबरात आपल्याकडे विविध भारती आली. सरकारने नाही म्हटलेलं ऐकायला लंकेचं स्टेशन लावायचं, खरखरीतून सुई हलवत हलवत. धाकट्या आजोबांनी ती खरखरसुद्धा तोंडाने करून दाखवली.

अजून एक, आणि हे जरा सांभाळून करायचं. 'जुनी मराठी गाणी' म्हटलं की सगळीकडे एकच यादी फिरत असते, भावगीतं, नाट्यगीतं, शुक्रतारा वगैरे. मला ती आवडतात, शुक्रताऱ्यात अरुण दाते आले की मी पण डोळे मिटतो. पण ती सगळ्या महाराष्ट्राची नाहीत. बाबांचे जिवलग मित्र, ज्यांना आम्ही लहानपणापासून काकाच म्हणतो, त्यांच्या वस्तीत 14 एप्रिलच्या आदल्या रात्रीपासून वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. त्याच प्रल्हाद शिंद्यांचं 'पाऊले चालती पंढरीची वाट' आमच्या आजीच्या देवघरात रोज. मग 87-88 कडे त्यांच्याच मुलाचं, आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं आलं आणि वरातीत ते वाजलं नाही असं गाव नसेल. एकाच घरातल्या बाप-लेकाच्या आवाजात दोन पिढ्या सापडतात, हे मला काकांना विचारेपर्यंत सुचलंच नव्हतं. तुमच्याकडे कोळीगीतं असतील, वऱ्हाडातली असतील, गोव्याकडचे असाल तर मांडो असेल, बडोदा-इंदूरचे असाल तर अजून वेगळं काहीतरी, तेच घ्या.

आता कॅसेटचं प्रकरण. प्रत्येक घरात माळ्यावर एक बुटाचं खोकं असतं आणि त्यात चाळीस-पन्नास कॅसेट. ते खाली काढाच, कारण त्यात विकतच्या गाण्यांपेक्षा मोठा ऐवज असतो, घरच्यांचे आवाज. आमच्या खोक्यात 'बी साईड पुसू नये' असं आजोबांच्या अक्षरात लिहिलेली कॅसेट निघाली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली.

लगेच टेपमध्ये घालू नका! आधी खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवायची नाही, टेपचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, ते पण खराब होतं आणि फीत पण जाते, ती जुनी कामं करणाऱ्याकडे द्या. फीत दाबून धरणारा आत एक छोटा कापडी पॅड असतो, तो गळून पडलेला असेल तर आवाज कोंदट येतो, मग स्क्रूवाली दुसरी रिकामी कॅसेट घेऊन फीत त्यात बदलता येते, बारीक पेचकस आणि शांत डोकं पाहिजे, घरात लहान पोर असेल तर दार लावून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, फीत चिकटलेली असते ती मोकळी होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, तिला हे पेन्सिलनेच, सावकाश.

टेपरेकॉर्डर चालतोय म्हणून खूश होऊ नका. आमचा चालत होता पण आवाज पोहत होता, सूर वर-खाली वर-खाली, आजोबा बोलतायत की विहिरीतून कोणी बोलतंय कळेना. आतला रबरी बेल्ट सैल झालेला. बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून एखादं असतं, तिथे बेल्ट बदलून देतात. आमच्या इथल्या माणसाने टेप उघडला, बोटाने बेल्ट ओढला तर तो चिखलासारखा बोटाला लागून आला. मग हेड आणि पिंच रोलर, म्हणजे फीत पुढे ओढणारं रबरी चाक, पुसून घ्या, कान साफ करायच्या कापसाच्या बडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, बड काळा यायचा थांबेपर्यंत.

मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला लावायची. लॅपटॉपचं माईकचं भोक यासाठी बरोबर नसतं, त्यात आवाज फाटतो आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो, त्यापेक्षा लाईन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 44100 हर्ट्झला ठेवा, आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या जागीसुद्धा लाल होता कामा नये, थोडी खालीच राहू दे, नंतर वाढवता येते पण फाटलेलं शिवता येत नाही. एक बाजू तीस मिनिटांची असेल तर तीस मिनिटं बसावंच लागतं, इथे शॉर्टकट नाही. वेव्ह फाईल तशीच जपून ठेवा, फिरवायला वेगळी एमपी3 करा. खरखर काढायच्या मागे फार लागू नका, मी लागलो आणि आजोबांचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, परत मूळ फाईलवर आलो.

त्या बी साईडला काय होतं? आत्या आठवीत असताना म्हटलेलं 'नाच रे मोरा', मधे आजोबांचं "हं, पुढे", आणि शेवटी कुकरची शिट्टी.

तेच गाणं मी यादीत पहिलं टाकलं. कारण क्रम लावताना कळलं की सालाप्रमाणे लावलं की मारच खातो, पहिला अर्धा तास फक्त म्हातारी माणसं खूश आणि शेवटचा अर्धा तास फक्त पोरं. सुरुवात अशा गाण्याने करा जे सगळ्यांना येतं. 'नाच रे मोरा' 1953 च्या देवबाप्पा सिनेमातलं, शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, आवाज आशाबाईंचा, आणि आजीपासून भाच्यापर्यंत एकही माणूस असा नव्हता की ज्याला ते येत नाही. आधी आशाबाई अर्धं आणि मग एकदम आत्याची कॅसेट. आत्या किंचाळलीच, "अरे हे कुठून काढलंस मेल्या!"

पुढे एक संथ एक चढ असं विणत जा आणि शेजारी शेजारी अशी गाणी ठेवा ज्यांचा काहीतरी धागा आहे. मी जैत रे जैत मधलं एक ठेवलं, 1977, बाबा तेव्हा चौदाचे, महानोरांचे शब्द, आणि त्याला लागून गारवा, 1998, ताई तेरा वर्षांची. दोन्हीकडे पाऊस आणि कविता, बाप आणि लेक. ताईने गारवाची कॅसेट मैत्रिणीकडून आणून परतच केली नव्हती हेही त्या दिवशी उघड झालं. माझ्या पिढीला काय टाकायचं यावर मी फार डोकं खाजवलं, संदीप-सलीलचं 'आयुष्यावर बोलू काही' होतं, अजय-अतुलची 'कोंबडी पळाली' होती, पण खरं सांगू का, आमच्या पिढीचं खरं गाणं म्हणजे मालिकांची शीर्षकगीतं. आभाळमाया 1999 ला आलं, मग वादळवाट, दोन्ही अशोक पत्कींच्या चाली, मंगेश कुळकर्णींचे शब्द. संध्याकाळी अभ्यासाला बसलेलो असताना शेजारच्या तीन घरांतून एकाच वेळी सुरू व्हायचं. ते लावलं आणि हॉलमधले तीस ते पंचेचाळीस वयाचे सगळे एका सुरात गायला लागले, पाठ केलेलं नसताना. त्या एका मिनिटासाठी मी कुठलंही अख्खं गाणं सोडायला तयार आहे.

नाचायची गाणी शेवटी ठेवा. 'झिंगाट' एकदा लागलं की त्यानंतर कोणी भावगीत ऐकून घेत नाही, आमच्याकडे धाकट्या आजोबांनीच ऐकलं नाही. भाच्याला विचारलं तुझं कोणतं, तर म्हणाला "गुलाबी साडी टाक मामा". संजू राठोडचं, 2024 चंच. मी नाक मुरडलं होतं, पण आजोबांनी दादा कोंडक्यांवर जे केलं तेच मी करतोय हे लक्षात आल्यावर गप टाकलं. त्याला मात्र मी एक प्रश्न विचारला, पूर्ण गाणं कधी ऐकलंस का? नाही म्हणाला, रीलमध्ये येतं तेवढंच. म्हणजे आजीला नंतरची कडवी येतात आणि पणतूला मधला तीस सेकंदांचा तुकडा.

किती गाणी? पंचवीसच्या वर नको. चाळीस माणसांत गाण्यापेक्षा बोलणं जास्त होतं आणि ते व्हायलाच हवं, दोन गाण्यांच्या मधे रिकामी जागा सोडा. जुन्या तबकडीचं गाणं तीन-सव्वातीन मिनिटांचं असतं कारण एका बाजूला तेवढंच मावायचं, ते पूर्ण वाजवा, नंतरची लांबलचक गाणी मधेच सोडली तरी चालतात.

बारक्या गोष्टी, ज्या राहिल्या तर फजिती होते. जुनी रेकॉर्डिंगं हळू आणि नवी ठणठणीत असतात, त्यामुळे एक तर आजीला ऐकू येत नाही नाहीतर बाळ उठतं, सगळ्या फाईलींचा आवाज आधीच एका पातळीवर आणून ठेवा. सगळं फोनमध्ये डाऊनलोड करा, फुकटच्या ॲपवर अवलंबून राहू नका, ट्रायलला माझ्याकडे सीतेच्या गाण्यात मधेच बनियनची जाहिरात आली. ज्या फोनला स्पीकर जोडलाय तो फ्लाईट मोडवर टाका नाहीतर केटरर फोन करतो. आणि स्पीकर म्हाताऱ्या माणसांच्या अगदी जवळ ठेवू नका, त्यांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो, ऐकू कमी येत असलं तरी.

एक गोष्ट यादीत बसत नाही, ती वेगळी करायची. आजीला विचारलं तुझ्या आईचं गाणं कोणतं, तर म्हणाली "तिला कुठलं गाणं, ती दळायची". म्हणजे ओव्या. हे कुठेच विकत मिळत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यातल्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्यात आणि त्यातल्या कितीतरी आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साईटवर ऐकता येतात, तिथून दोन ऐकवल्या की म्हाताऱ्या बायकांना आपल्या आठवायला लागतात. आजीला आठवल्या. पण नुसतं बसून येईनात, म्हणाली हाताला काहीतरी पाहिजे. जातं कुठून आणणार, मग तिला स्टीलचा डबा दिला आणि ती त्याचं झाकण गोल गोल फिरवत राहिली. "पहिली माझी ओवी गं" पासून सात झाल्या, आठवीला अडकली. भाचा फोन धरून बसला होता, तासभर हलला नाही.

या फाईलींना नाव नीट द्या, नुसतं 'न्यू रेकॉर्डिंग 14' ठेवलंत तर दोन वर्षांनी तुम्हालाच सापडणार नाही. कोण, कोणत्या साली, कुठे, एवढं नावातच लिहा आणि तीन जागी ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आमची आत्याकडे आहे. आठवी ओवी आजीला जानेवारीत आठवली, भांडी घासताना, तेव्हा घरात फक्त आई होती आणि तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तिने ती गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलीये, चाल तेवढी राहिलीये.